एकोणीस मेंदू

"यातले आमचे हे कुठले?" वहिनींनी पिशवीतून चष्मा काढत विचारलं.

डॉक्टरांनी उत्तर म्हणून पाण्याचा ग्लास पुढे केला. निवृत्तीला चार दिवस उरले होते. विद्यार्थ्यांनी त्यांच्या दोनशे अकरा शोधनिबंधांची जाडजूड बांधणी करून टेबलावर ठेवली होती. त्यातले शंभरेक त्यांनी स्वतः लिहिले होते, पन्नासेक वाचले होते, आणि नाव सगळ्यांवर होतं. पहिला निबंध निरोगी मेंदूवरचा. एमआरआय यंत्रात काढलेली चित्रं एकाच पानावर, पासपोर्टच्या फोटोंसारखी ओळीने. जगातल्या चौदाशे संशोधकांनी त्याचा हवाला दिला होता. काहींनी तो उघडलाही असावा.

उरलेल्या दोनशे दहांशी वहिनींना काही कर्तव्य नव्हतं. त्यांना हे एकच पान हवं होतं. नातवंडांनी आजोबांना पाहिलं नव्हतं. चौकट करून भिंतीवर लावायचं होतं.

"होते तोवर ज्याला त्याला सांगायचे," त्या म्हणाल्या. "माझ्या डोक्यात मेंदू असल्याचा छापील पुरावा आहे, तुमच्याकडे असेल तर दाखवा! आणि वर हे, की धाकट्याचं गाडं एकोणीस माणसांवर अडलं होतं, विसावा मी मिळालो म्हणून सुटलं."

"खरं आहे," डॉक्टर म्हणाले. दादा कामावरून परस्पर आला होता, डबा हातात घेऊन. यंत्राच्या त्या ठोकाठोकीत चक्क झोपला होता.

वहिनी बोटाने मोजू लागल्या. पाच, दहा, पंधरा. शेवटच्या ओळीत चारच होते. पाचवी जागा पांढरी. त्यांनी उलटीकडून पुन्हा मोजलं.

"एकोणीसच आहेत, भाऊजी."

"हो."

"मग एक कुठे गेला?"

चित्रांखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. चौदाशेंपैकी एकानेही तिच्याबद्दल कधी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी ती मराठीत सांगितली, "एका व्यक्तीचं चित्र, ती व्यक्ती हलल्यामुळे, वगळलं आहे."

"घ्या! अर्धा तास गप्प पडवत नाही लोकांना. आमचे हे तर घोरत होते. तुम्हीच हसायचात ना त्यावरून?"

"घोरत होता," डॉक्टर म्हणाले.

दादाच्या चित्रातला डाग वाटाण्याएवढा होता, उजव्या बाजूला. निबंध शुक्रवारी पाठवायचा होता. गुरुवारी डॉक्टरांनी ठरवलं की दादा हललाच असणार; एकदा निबंध जाऊ दे, मग त्याला पुन्हा बोलावून नीट बघू. निबंध गेला. छापून आला. अभिनंदनाची पत्रं आली, दुसरा निबंध सुरू झाला. दोन वर्षांनी दादाला शर्टाचं बटण लावता येईना, तेव्हा डाग लिंबाएवढा झाला होता आणि करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"वहिनी, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"सांगाल हो मागाहून. आधी हे दाखवा. मघापासून टाळताय. सख्खा भाऊ ओळखू येईना की काय?"

डॉक्टरांचं बोट पांढऱ्या जागेवर जाऊन थांबलं. थोडा वेळ तिथेच राहिलं. मग एक घर अलीकडे सरकून शेजारच्या मेंदूवर टेकलं. तो कुणाचा होता, हे त्यांना आता आठवतही नव्हतं.

वहिनी वाकून बराच वेळ बघत राहिल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं.

"किती स्वच्छ आहे हो," त्या म्हणाल्या. "कुठे काही नाही. मग नंतर ते आलं तरी कुठून?"

वहिनींनी बांधणी डॉक्टरांकडे वळवली.

"खाली त्यांचं नाव लिहा. तुमच्या अक्षरात. मुलांना कळायला हवं."

डॉक्टरांनी पेन उघडलं. टोक कागदावर टेकलं आणि तिथल्या तिथे थरथरत राहिलं. वहिनींनी पानाचे दोन्ही कोपरे घट्ट दाबून धरले.

"हलू नका, भाऊजी," त्या मायेने म्हणाल्या. "खराब येईल."