सातपर्यंत

बादली तिसऱ्यांदा समोर आली, तेव्हा त्यानं ती मुकाट्यानं मांडीवर घेतली. पडद्यावरचा रस्ता थांबला. खुर्ची तसूभरही हलली नव्हती, तरी पोट पार ढवळून निघालं होतं.

तीस वर्षांच्या ड्रायव्हरकीत बसला एक ओरखडा नाही, म्हणून डेपोत त्याला सगळे ‘बिनओरखडा’ म्हणत. आणि आता ही पडद्यावरची खोटी बस त्याला पाणी पाजत होती. नव्या नियमानं या यंत्रावर पास झाल्याशिवाय खरं स्टिअरिंग मिळणार नव्हतं. कालची पोरं शीळ वाजवत पास होऊन गेली. हा दोनदा नापास. महिनाअखेरीला शेवटची संधी, नाहीतर निवृत्तीपर्यंत फाटकावर बसून दुसऱ्यांच्या गाड्या मोजायच्या.

शिकवणारा मास्तरही कंटाळला होता. बादल्या विसळून विसळून त्याच्या हातांना फिनेलचा वास लागला होता.

“काका, तुमचा दोष नाही. मुरलेल्या ड्रायव्हरांनाच जास्त त्रास होतो. डोळे म्हणतात गाडी वळली, अंग म्हणतं, कुठे वळली?” मग दार लोटून तो हळूच म्हणाला, “वळणावर डोळे मिटा. स्टिअरिंग फिरवून धरा, सातपर्यंत मोजा, उघडा. रस्ता रोज तोच असतो.”

“डोळे मिटून गाडी चालवू?”

“ही कुठे गाडी आहे?”

तेही खरंच होतं. मग तीन आठवडे त्यानं तेवढंच घोकलं. दुपारी यंत्रावर, संध्याकाळी घरी हातात ताट धरून. वळणाआधीचं झाड आलं की डोळे बंद, सात झाले की उघडे.

“ताटाला तरी ओरखडा पाडू नका,” बायको म्हणाली. तो हसला. बऱ्याच दिवसांनी जेवलेलं पोटात टिकत होतं.

परीक्षेत शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळाले. बादली कोरडी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला त्याची जुनी बस मिळाली. इंजिनाची थरथर तळपायातून वर चढली आणि त्याला भरून आलं. महिनाभराचा शीण कुठल्या कुठे गेला. मागे चाळीस माणसं, दाराशी तिकिटं देणारी कंडक्टरबाई, सगळं जिथल्या तिथे होतं. गाडी गावाबाहेर पडली. वळणाच्या तोंडाशी एक झाड होतं.

कर्कश हॉर्न वाजला. मागे कुणीतरी किंचाळलं. त्यानं करकचून ब्रेक दाबला. समोरचा ट्रक काचेपासून हातभर लांब येऊन थांबला होता.

“दादा, डुलकी लागली का?” कंडक्टरबाईनं विचारलं.

डुलकी कसली. तो टक्क जागा होता आणि मोजत होता. चारपर्यंत आला होता.