त्यांचं चाललंय

प्रश्न विचारल्यापासून उत्तर येईपर्यंत आजींना साधारण चाळीस सेकंद लागत. नव्या सिस्टरने ते मनगटावरच्या घड्याळात मोजले होते. "पाणी हवं का?" याला अडतीस, "झोप लागली का?" याला त्रेचाळीस, "खिडकी उघडू?" याला एक्केचाळीस. आजारच असा होता, की आतला शब्द चिखल तुडवत आल्यासारखा यायचा. पण यायचा. मध्ये कुणी आडवं गेलं नाही, तर हमखास यायचा.

गेल्या बुधवारी हे तिला ठाऊक नव्हतं. मनोविकाराच्या वॉर्डातली ती तिची पहिलीच बैठक. आजींनी इथून कुठे जायचं, मुलाकडे की स्वतःच्या घरी, एवढंच ठरायचं होतं आणि ते पाच आठवडे लोंबकळत पडलं होतं. डॉक्टरबाईंनी विचारलं. आजी गप्प. विसाव्या सेकंदाला नव्या सिस्टरचा जीव कासावीस झाला. तिने आजींच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "मुलाकडेच बरं पडेल ना, आजी?"

आजींनी मान हलवली. दुपारी त्यांनी ताट बाजूला सारलं, भिंतीकडे तोंड केलं आणि चार दिवस अवाक्षर काढलं नाही.

"पण मी मदतच करत होते," औषधांच्या कपाटापाशी ती रडवेली होऊन म्हणाली.

"केलीस की. वाक्य आजींचं होतं, बोलून टाकलंस तू." मोठ्या सिस्टरांनी कपाटाला कुलूप लावलं. "चार वर्षं शिकून आलीस ना गं? गप्प बसायला कुठल्या वर्षाला शिकवतात?"

"नाही शिकवत."

"मग इथे शीक. आणि जाऊन माफी माग. एका वाक्यात. पुराण लावू नकोस."

तिने एका वाक्यात मागितली. आजींनी तीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काम केलं होतं. बराच वेळ त्यांनी या पोरीच्या तोंडाकडे पाहिलं, मग तिचा चष्मा हळूच काढून घेतला, डावी काडी अंगठ्याने जराशी दाबली आणि परत नाकावर चढवला.

"वाकडा होता," त्या म्हणाल्या.

मोजणं सुरू झालं ते त्या दिवसापासून.

आज पुन्हा बुधवार. तीच खोली, त्याच पाच खुर्च्या. डॉक्टरबाई पुन्हा विचारायला कबूल झाल्या होत्या, पण आज उत्तर आलं नाही, तर गेल्या वेळची हललेली मानच होकार धरायची, असं ठरलं होतं. मुलाने सही करायची, आजींचं घर बंद करायचं. टेबलावर कागद तयार होता.

मुलगा काही वाईट नव्हता. उलट, एवढ्याशा खोलीत त्याची काळजी मावत नव्हती.

"रंग देऊन खोली तयार ठेवलीय," तो डॉक्टरबाईंना सांगत होता. "न्हाणीघरात धरायला दांडा बसवलाय. पडदे बायकोने स्वतः निवडले. आणि खरं सांगू का, मला भीती वाटते हो. फोनवर रोज म्हणायची, मी मजेत आहे. दार उघडून बघतो तर काय, पंधरा दिवस घरात गॅस पेटलेला नाही."

आजी मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या.

"आजी," डॉक्टरबाई म्हणाल्या, "इथून कुठे जायचं?"

नव्या सिस्टरने घड्याळाकडे पाहिलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

दहा. बाहेर व्हरांड्यातून एक ढकलगाडी खडखडत गेली.

पंधरा. मुलगा पुढे वाकला. "आई, अगं बोल ना. डॉक्टरांना काय तू एकटीच आहेस का? हे बघ, तू..."

"दादा, एक मिनिट," नवी सिस्टर म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला. "त्यांचं चाललंय."

मुलगा चमकून मागे टेकला. मोठ्या सिस्टरांनी मान वर केली नाही, फक्त त्यांचं लिहिणं थांबलं.

तीस. आजींचे ओठ हलले आणि पुन्हा मिटले. पाठीवर हात ठेवावा असं नव्या सिस्टरला फार फार वाटलं. तिने तो ठेवला नाही.

चाळीस. काही नाही.

पन्नास. पाणी आणि खिडकी यांच्या मोजमापावर केवढा भरवसा टाकला आपण! हा काय खिडकीएवढा प्रश्न होता?

साठ. डॉक्टरबाईंनी कागद जरासा स्वतःकडे ओढला. नव्या सिस्टरने त्यांच्याकडे पाहिलं. डॉक्टरबाईंचा हात कागदावर तसाच थांबला.

मग तिने घड्याळ बाहीखाली सरकवलं आणि मोजायचं सोडून दिलं.

किती वेळ गेला, ते त्यामुळे कुणाला सांगता यायचं नाही. पण आजींनी मान वर केली. त्यांनी डॉक्टरबाईंकडे पाहिलं नाही, नव्या सिस्टरकडेही नाही. मुलाकडे पाहिलं.

"माझ्या घरी," त्या म्हणाल्या. आवाज घोगरा होता, पण अडखळला नाही.

"एकटी?" त्याच्या तोंडून गेलं. पुढचंही काही ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं आणि तो थांबला. सगळेच थांबले.

"एकटी," आजी म्हणाल्या. "आणि बरं वाटेनासं झालं, की तुला सांगणार."