एक ग्रॅम भुकटी

“आगाय, खाचेत दहा ग्रॅम भुकटी भरलीत, मग पट्टीचं वजन नऊच ग्रॅमनी कसं वाढलं?” मैत्रिणींनी डिवचलं म्हणून शाळेच्या सहलीत तोगझानने पाव्लोदार शहरातल्या कारखान्याच्या इंजिनियरला, शिक्षकांना म्हणतात तसं ‘आगाय’ म्हणत, विचारूनच टाकलं. यंत्राची फिरती खुंटी अॅल्युमिनियमची पट्टी न वितळवता कणकेसारखी मळत तिच्या खाचेतली ती करडी भुकटी धातूत जिरवत होती. “थोडी उडते गं,” तो हसला. “उडून जाते कुठे?” यंत्र चालवणारे तिचे वडील खोकले तसं त्याचं हसू विरलं. घरी आई नेहमीसारखा त्यांचा रुमाल भिजवणार, इतक्यात तोगझानने तो हिसकावला. करड्या डागात रक्त होतं. “गप्प बस, नोकरी जाईल त्यांची,” आई पुटपुटली. “माझ्या जागी उद्या दुसरा उभा राहील, शहाणे,” वडील म्हणाले. तिने रुमाल दप्तरात कोंबला. “मग त्या दुसऱ्यासाठी तरी, आके!” ती वडिलांना म्हणाली. “ हा धुवायचा नाही. उद्या मी हा कामगार निरीक्षकांच्या टेबलावर ठेवणार आहे.”