घट्ट चहा

हट्टाने घेतलेल्या चहाच्या पहिल्याच घोटाला बाबांना जीवघेणा ठसका लागला. अर्धांगवायूनंतर पातळ काही गिळवतच नव्हतं. सगळं घट्ट करून द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

सुरंगीने दुसरा चहा केला आणि त्यात डॉक्टरांना विचारून आणलेली पावडर ढवळली. आइस्क्रीम, सॉस घट्ट करणारी ही पावडर तिच्याच कारखान्यात समुद्रातल्या शेवाळापासून बनायची. जाळ्यात गुंतलेलं तेच शेवाळ बाबांनी जन्मभर शिव्या घालत फेकलं होतं. लेक तिथे नोकरीला लागली तेव्हा किती कडाडले होते, “माझ्या चेडवान कचरो शिजवूचो?”

पावडर कुठली ते सांगून तिने भीतभीत चमचा पुढे केला. घोट अलगद उतरला. मग दुसरा.

वाटी रिकामी झाली. बाबा वाकड्या ओठांनी हसले.

“कचरो संपलो काय गो?”