दौलूचा हात

"अरे नालायका, चोरांचे हात शाबूत ठेवलेस आणि रोज तुला अगरबत्ती लावणाऱ्या या दौलूचाच हात थरथरता केलास!" खुर्चीत बसल्या बसल्या केरबा आरशावरच्या देवाच्या तसबिरीवर ओरडला.

"गिऱ्हाइकं तुटली म्हणून त्याला शिव्या देऊ नगंस," चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा परजत दौलू न्हावी म्हणाला. "तूबी जा चौकातल्या सलूनात. तू उठलास, की हा वस्तरा इहिरीत टाकतो."

केरबा ढिम्म हलला नाही. देवाचं दुकान लबाडाचं, असं तो उभ्या गावात सांगत हिंडे. पण जन्माच्या दोस्ताचं दुकान वाचत असेल, तर गळा गेला तरी बेहत्तर. त्यानं मान मागं टाकली.

दौलूनं तसबिरीकडं बघत वस्तरा भक्तिभावानं स्वतःच्या कपाळाला लावला. थंडगार पातं गळ्याला लटपटत टेकलं आणि पक्क्या नास्तिकाच्या तोंडून निसटलं, "देवा, सांभाळ रे!"

पातं थांबलं. आता तो हात जराही हलत नव्हता.

"मघाशी त्याला शिव्या घातल्यास, आता हाका मारतोस," दौलू म्हणाला. "गळा नक्की कुणाच्या भरवशावर दिलायस, केरबा? त्याच्या, का माझ्या? बोल, त्याबिगर वस्तरा पुढं सरकायचा न्हाई!"