पेजेवरचा वरवंटा

हॅलेचा धूमकेतू येऊन गेला त्या वर्षी मालगुंडच्या महिपतची मुलगी राही पुण्याला संशोधनाला जायचं म्हणून हटून बसली आणि महिपत चुलीपुढे पेज ढवळत तितकाच हटून बसला. “आकाशात शोधणार काय गो?” “आकाशगंगांतून थंड वायू बाहेर वाहतो, बाबा. त्याचेच नवे तारे होतात. तो फार गेला की आकाशगंगा म्हातारी होते.” दोन मुलगे मुंबईला देऊन बसलेल्या महिपतला हे शास्त्र ताबडतोब पटलं. “मग जाऊच द्यायचा नाही!” म्हणत त्यानं टोपावर झाकण दाबलं आणि वर वरवंटा ठेवला. “थोडा परतही येतो, बाबा.” तेवढ्यात पेज झाकणाखालून उसळली, चुलीत उतरली आणि जाळ फस्सकन विझला. महिपतनं वरवंटा उचलून धोतराला पुसला. “पुण्याची एस्टी कितीला सुटते?” त्यानं चुलीलाच विचारलं. मग राहीकडे न बघता, “आणि परतीची?”