हिरव्या डब्यातली पावडर

वजनकाट्यावर चढण्याआधी बेकरीवाल्यानं बूट काढले, पट्टा काढला, घड्याळ काढलं. मग जरा विचार करून चष्माही काढून बायकोच्या हातात दिला.

"आता आकडा तुम्हीच वाचा, डॉक्टर. मला काही दिसत नाही."

"एकशे साडेतीन," डॉक्टर म्हणाले. "चार महिन्यांपूर्वी एकशे चार होतं."

"म्हणजे उतरलं की!"

"तो अर्धा किलो आज बूट काढल्याचा आहे."

बायको हसली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांच्यासमोर दोन फायली होत्या, जाड तिची आणि पातळ त्याची. तिच्या दोन्ही किडन्या वर्षापूर्वीच थकल्या होत्या. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास ती डायलिसिसच्या मशीनला जोडलेली असायची आणि तो शेजारी स्टुलावर बसून बेकरीतल्या गमती सांगायचा. त्याची किडनी तिला चालेल असा रिपोर्ट आला, त्या दिवशी त्यानं प्रत्येक गिऱ्हाइकाला एक बिस्किट फुकट दिलं होतं. "एकतीस वर्षांत आमचं एकाही गोष्टीवर जुळलं नाही," तो ज्याला त्याला सांगत होता, "आणि आता थेट किडनी जुळली!"

पण वजन नव्वदच्या खाली आल्याशिवाय सर्जन त्याला हात लावायला तयार नव्हते.

"मी तेव्हाच वजन उतरवायचं इंजेक्शन लिहून दिलं होतं," डॉक्टर म्हणाले. "आठवड्यातून एक. का नाही घेतलंत?"

बेकरीवाल्यानं बायकोकडे बोट दाखवलं. "आमच्या घरात औषधांचं खातं हिच्याकडे. ही म्हणाली नको, म्हणजे नको."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तिनं तीस वर्षं औषधांच्या दुकानात काढली होती. डॉक्टरांचं गिचमिड अक्षर डॉक्टरांपेक्षा तिला जास्त लागायचं. वजन उतरवणाऱ्या डब्यांचे विक्रेते आले, की ती त्यांना पायरीवरूनच वाटेला लावायची. आणि नवऱ्याचं वजन उतरवायची वेळ आली, तेव्हा तीच असला एक हिरवा डबा घेऊन आली. 'शंभर टक्के नैसर्गिक' असं त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. रोज सकाळी ती कोमट पाण्यात चमचाभर पावडर ढवळून द्यायची. ओल्या गवतासारखा वास यायचा. तो नाक दाबून घोटात संपवायचा. "ही उपाशीपोटी बाधते हं," असं म्हणत ती वर त्याला पोटभर जेवायलाही घालायची.

"ताई, तुम्ही तरी असं करू नका," डॉक्टर म्हणाले. "त्या डब्यात काय आहे, याची खात्री तुम्ही देऊ शकता? इंजेक्शनची मी देतो. दर महिन्याला त्यांचं रक्त तपासेन. त्रास झाला तर डोस कमी करेन."

"मळमळतं त्यानं. उलट्या होतात," ती म्हणाली. "अजून दोन महिने पावडरच घेऊ दे त्यांना."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुमचे या वेळचे रिपोर्ट चांगले नाहीत. दोन महिने मिळतील की नाही, मला सांगता येणार नाही."

 मग डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि ती तिच्या हातात न देता त्याच्या हातात दिली.

बाहेर आल्यावर तिला बाकावर बसवून तो "आलोच" म्हणून गेला. परत आला तो एक छोटा गार खोका घेऊन. तिला न विचारता औषध आणण्याची त्याची एकतीस वर्षांतली ही पहिलीच वेळ. रस्ताभर त्यानं तो खोका अंड्यासारखा जपून धरला होता.

घरी येताच त्यानं तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. "मला सुईची भीती वाटते. तूच टोच."

"अहो, अजून अर्धा डबा पावडर आहे."

तो खुर्चीत बसला. खुर्ची करकरली. एरवी त्यावर त्याचा एखादा विनोद ठरलेला असायचा.

"माझ्या वजनाचं काय, तू गेलीस की ते आपोआप उतरेल," तो म्हणाला. "तसं नाही उतरवायचं मला."

ती उठून बेसिनपाशी गेली. पाठमोरी उभी राहून तिनं हात धुतले, पुन्हा धुतले. नळ बंद केला. मग पदराला हात पुसत टेबलाशी आली. खोका हातात घेतला. सवयीनं आधी तारीख पाहिली, मग मागचं बारीक अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. इंजेक्शनची ही असली पेनं कशी टोचायची, हे तिनं दुकानात शेकडो लोकांना दाखवलं होतं. तिनं टोपण काढलं.

"शर्ट वर करा. डोळे मिटा."

त्यानं डोळे घट्ट मिटले. तिनं त्याच्या पोटाची चिमूट धरली, सुई टोचली आणि मनातल्या मनात दहा आकडे मोजले.

त्यानं एक डोळा उघडला. "झालं पण?" मग हसायलाच लागला. "एवढंसं तर होतं! आणि मी चार महिने गवत पीत बसलो. अगं, तू एवढी औषधांतली जाणती बाई. त्या पावडरनं काही होत नाही, हे तुला कसं कळलं नाही?"

रक्ताचा थेंबही आला नव्हता, तरी ती तिथं कापूस दाबून बसली होती.

"कळत होतं," ती खाली मान घालून म्हणाली. "तुमच्या पोटावर सुरी चालायला नको, म्हणूनच तर देत होते."